दसऱ्यानंतर जन्मलेली मशीनं

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात नोकरीला होतो. विभाग म्हणजे काचेची एक खोली, तिच्यात कपाटाएवढं एक मशीन आणि बाहेर आमची टेबलं. आत जाताना चपला काढाव्या लागत. कारण धूळ. मोठे साहेब मात्र बूट घालूनच आत येत. त्यांच्या बुटांना धूळ लागत नसावी. लॉगिन झालं नाही तर उपाय सोपा होता. उठायचं, चार पावलं चालायचं, काचेवर टकटक करायची आणि आतल्या ऑपरेटरला विचारायचं, "काय हो, झोपलं का?" तो हात वर करायचा, काहीतरी बंद करून चालू करायचा, आणि आपण जागेवर परत येईपर्यंत काम सुरू झालेलं असायचं.

पुढे दहा-पंधरा वर्षांनी मी अशा मशीनांशी झगडत बसलो, ज्यांच्या खोलीची काच वाजवायला विमानाने जावं लागलं असतं. आणि गेलो असतो तरी त्यातलं आपलं कोणतं, हे तिथल्या रखवालदारालाही सांगता आलं नसतं.

कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा कमी झालेल्यांत मी होतो. काही वर्षं इकडेतिकडे काढून दोन हजारच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी पुन्हा अंबडलाच आलो, एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत. कंपनी एका शेडच्या माळ्यावर होती. खाली पत्र्याचे भाग ठोकणारा कारखाना होता, त्यामुळे दिवसभर पायाखाली धाडधाड चाले आणि टेबलावरचा चहा आपोआप ढवळला जाई. मालकांना आम्ही साहेब म्हणायचो. ते आधी टायपिंगचे आणि मग कॉम्प्युटरचे क्लास चालवत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना उद्घाटनाचा आजार होता. नवीन प्रिंटर आला, नारळ. पिण्याच्या पाण्याचं यंत्र आलं, फीत. ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आणि मला काका म्हणत. त्यात आदर किती आणि वयाची आठवण किती, हे मी कधी मोजायला गेलो नाही.

आमचं काम होतं राज्यभरातल्या क्लासेसच्या मुलांच्या सराव परीक्षा इंटरनेटवरून घेण्याचं. दुपारी क्लास सुटले की मुलं एकदम तुटून पडत. तेवढ्यापुरती जास्त मशीनं हवीत म्हणून साहेबांनी परदेशातली एक सेवा भाड्याने घेतली होती. गर्दी वाढली की तिकडे नवीन मशीन आपोआप तयार व्हायचं, गर्दी ओसरली की नाहीसं व्हायचं. साहेब याला क्लाउड म्हणत, आणि म्हणताना छताकडे बोट दाखवत.

असं नवीन जन्मलेलं मशीन अगदी कोरं असतं. म्हणून जन्मताच त्याच्या हातात सूचनांची एक फाईल द्यावी लागते. तू कोण, तुझ्यावर आमचं खातं कोणतं, पासवर्डऐवजी वापरायच्या आमच्या किल्लीला कुलूप कोणतं, हे सगळं त्या फाईलीत लिहिलेलं. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात, म्हणून मी त्या फाईलीचं नाव सटवाई ठेवलं होतं आणि ते ऑफिसात रूढही झालं होतं. सटवाईचं लिहून झालं की आमच्यापैकी कुणीतरी अंबडहून त्या मशीनमध्ये लॉगिन करायचं आणि त्या दिवसाची प्रश्नपत्रिका आत ठेवायची. लॉगिन झालं नाही तर मशीन ठणठणीत उभं राही, पण मुलांना पान कोरं दिसे.

हे लॉगिनचं काम आम्ही दोघं करायचो. दुसऱ्या होत्या सटाण्याकडच्या एक बाई, पस्तिशीच्या आसपासच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. उन्हाळ्यात त्या गावाकडची कायम नोकरी सोडून नाशिकला आल्या होत्या, मुलीला इथल्या शाळेत घातलं होतं, आईला बरोबर आणलं होतं. इथे मात्र त्यांची नेमणूक दिवाळीपर्यंतच होती. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर नमस्कार. ऑफिसात त्या इस्त्री केल्यासारखी मराठी बोलत. वैताग आला की इस्त्री मोडायची आणि अहिराणी बाहेर यायची.

आता दसरा. खालच्या कारखान्यात आदल्या दिवशीच सायखेड्याकडून झेंडूची पोती आली होती. सगळ्या प्रेस मशीनांना माळा, हळदकुंकू, वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफरही यायचा होता. साहेब सकाळी जिन्यातून ते बघून वर आले आणि म्हणाले, "काका, आपली मशीनं कुठंयत पूजेला?"

"परदेशात आहेत, साहेब."

"ते मला माहितीय हो. इथं काय आहे?"

इथे होतं ते इंटरनेटचं मोडेम. त्याला माळ घातली तर ते माळेतच हरवलं. फोटोग्राफर खालून वर आला, कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, यात नुसता झेंडू दिसतोय. काहीतरी यंत्रासारखं दाखवा ना." म्हणून मी पडद्यावर सटवाई उघडली. मॉनिटरला कुंकू लावलं. फोटोग्राफरचं तरी समाधान होईना. "वर काहीतरी शुभ लिहा. नुसतं इंग्रजी हिशोबासारखं दिसतंय."

त्यात काही अवघड नव्हतं. जुन्या कारखान्यात आम्ही सगळेच प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत श्री लिहीत असू. मी देवभोळा नाही, पण वहीच्या पानावर, अर्जावर, पाकिटावर, कुठेही पहिलं श्री आणि मग बाकीचं, हे हातालाच लागलेलं. त्याला धोकाही नसतो. ओळीच्या सुरुवातीला कुंपणाच्या जाळीसारखं एक चिन्ह दिलं की मशीन ती ओळ सोडून पुढे जातं. ती ओळ माणसांसाठी. मी अगदी काळजीने आधी ते चिन्ह दिलं आणि मग दोन दंडांच्या मध्ये श्री लिहिलं. साहेबांनी नारळ हातात धरला. फोटो निघाला. तिसऱ्या दिवशी तो छापून आला आणि आठवड्याभरात फ्रेम होऊन जिन्याच्या तोंडाशी लागला. आजही डोळ्यांसमोर आहे: साहेब, नारळ, पडदा, आणि कडेला माझा कोपर.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मॅडमनी एक चांगलं काम केलं. आमच्या सगळ्या मशीनांना एकच किल्ली होती आणि ती सगळ्यांकडे होती, नोकरी सोडून गेलेल्या दोघांकडेही. मॅडमनी आम्हा दोघांच्या वेगवेगळ्या किल्ल्या केल्या, त्या कायम चालू असलेल्या चार जुन्या मशीनांत आणि सटवाईत घातल्या आणि जुनी काढून टाकली. बरोबरच केलं. पण कुणी सांगितलेलं नव्हतं. न सांगता केलेलं बरोबर काम आपल्याकडे सांगून केलेल्या चुकीपेक्षा धोक्याचं असतं.

सणाच्या आठवड्यात मुलं कमी, त्यामुळे नवीन मशीनं लागली नव्हती. बुधवारी दुपारी गर्दी वाढली, तीन नवीन मशीनं जन्माला आली, आणि एकातही शिरता येईना. उत्तर एकच: परवानगी नाही.

"सर, जुन्या चारही मशीनांत जाता येतंय," मॅडम म्हणाल्या. "नव्यांत नाही."

"तुमच्या किल्लीने की माझ्या?"

"दोन्ही. आवाज दिला की ओ देतात, पण आत घेत नाहीत."

जळगावच्या एका क्लासवाल्यांचा फोन आला. "अहो, पोरांना पांढरं दिसतंय नुसतं. पेपर कोरा ठेवायचा नवीन पॅटर्न आहे का तुमचा?" मी म्हटलं, बघतो. पुढचे दहा दिवस मी हा एकच शब्द इतका वापरला की घरी बायकोने भाजी काय आणू विचारलं तरी तोंडातून बघतो निघायचं.

पहिला संशय आम्ही विजेवर घेतला. अंबडला तेव्हा भारनियमन असायचं. वीज गेली की मोडेम बंद, परत आली की त्याला इंटरनेटवर नवीन पत्ता मिळायचा. तिकडच्या मशीनांना आम्ही सांगून ठेवलं होतं की फक्त आमच्या पत्त्यावरून येणाऱ्याला दारापर्यंत येऊ द्या. तेव्हा पत्ता बदलला असेल. दोन दिवस त्यात गेले. मधे एकदा वीज जाऊन पत्ता बदललाही, तो दुरुस्त केला, आणि काही फरक पडला नाही. पडणार नव्हताच. पत्ता चुकीचा असता तर दारापर्यंतच पोचलो नसतो. आम्ही दारात उभे राहून नकार ऐकत होतो. हे मला दोन दिवसांनी सुचलं. वयाचा परिणाम म्हणावा, तर मॅडमनाही सुचलं नव्हतं.

मग साहेबांनी तोडगा काढला. "काका, मॅडमनी जे बदललंय ते होतं तसं करा."

जुनी किल्ली परत घातली. नवीन मशीन तयार केलं. परवानगी नाही.

यावरून कुणालाही कळलं असतं की दोष किल्लीचा नाही. साहेबांना वेगळं कळलं. "म्हणजे यांनी आणखी काहीतरी बिघडवलंय," ते मॅडमच्या समोरच मला म्हणाले. "दिवाळीच्या आत सापडलं तर ठीक. नाहीतर मला नवीन माणूस बघावा लागेल."

साहेब जिना उतरून गेल्यावर मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मशीन जित्तं शे, पन दार उघडस नही. मी काय करू भाऊ?"

ऑफिसात त्या मला सर म्हणायच्या. भाऊ तेव्हा पहिल्यांदा.

त्यानंतरचे दिवस एकसारखे गेले. रोज दुपारी जुन्या चार मशीनांवर सगळी मुलं कोंबायची, पानं उघडायला वेळ लागायचा, फोन यायचे. मधल्या वेळात मी मॅडमच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचो आणि आम्ही सटवाई वाचायचो. म्हणजे त्यांनी बदललेल्या ओळी वाचायचो. एकेक अक्षर, एकेक रिकामी जागा. किल्लीचं ते लांबलचक, अर्थ नसलेलं अक्षरांचं शेपूट त्या मोठ्याने वाचायच्या आणि मी मूळ प्रतीवर बोट ठेवून जुळवायचो, खाली प्रेसची धाडधाड चालू. परीक्षेच्या पेपरात चूक शोधावी तसं मी त्यांच्या कामात चूक शोधत होतो, आणि ती सापडत नाही याचा मला थोडा रागही येत होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण येत होता.

एकदा त्यांनी विचारलं, "सर, तिकडं गेल्याशिवाय कळणारच नाही का, आत काय झालंय ते?"

"तिकडं जायचीच तर अडचण आहे."

"मुलीच्या शाळेचं पुढच्या सत्राचं विचारतायत. काय सांगू?"

मी म्हटलं, बघू. बघतोपेक्षा ते वाईट.

दिवाळीला आठवडा उरला होता. शनिवारी अंबडला सुट्टी असते, म्हणून शुक्रवारी दुपारी सगळ्यांना घाई. साहेबांच्या टेबलावर एक पाकीट ठेवलेलं मी बघितलं, वर मॅडमचं नाव. आत काय हे विचारायची गरज नव्हती.

त्या दुपारी मी पहिल्यांदा एक साधी गोष्ट केली, जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. ती सेवा प्रत्येक मशीनच्या जन्माची नोंद ठेवते. मशीन उठलं, अमुक केलं, तमुक केलं, अशी ओळीओळीने. ती आत न शिरताही वाचता येते. जुन्या मशीनची नोंद आम्ही कधी बघितली नव्हती, कारण ते चालत होतं, आणि चालत असलेल्याकडे कोण बघतं. मी जुन्याची आणि नव्याची नोंद शेजारी शेजारी लावली. जुन्यात लिहिलं होतं: खातं तयार केलं, किल्ली बसवली. नव्यात या ओळी नव्हत्या. चूक झाली असंही नव्हतं. काहीच नव्हतं. नवीन मशीनने सटवाई वाचलेलीच नव्हती.

मग मी सटवाई पुन्हा उघडली आणि मॅडमच्या ओळींकडे न जाता वरून सुरुवात केली.

आपल्याकडच्या माणसाला कागदाच्या माथ्यावरचं श्री दिसत नाही. लग्नपत्रिकेत दिसत नाही, दुकानाच्या पावतीवर दिसत नाही. तो कागदाचाच भाग असतो. दहा दिवस आम्ही दोघांनी रोज ती फाईल उघडली होती आणि रोज ते ओलांडून खाली गेलो होतो.

नियम असा होता की मशीन फाईलीची फक्त पहिली ओळ बघून ठरवतं, या सूचना आहेत की नुसता कागद. सूचना असतील तर पहिली दोन अक्षरं ठरलेली: ते कुंपणाचं चिन्ह आणि त्याला चिकटून उद्गारचिन्ह. तशी नसतील तर मशीन फाईल बाजूला ठेवून देतं, तक्रारही करत नाही. बाकी कुठल्याही ओळीवर मी श्री लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण श्री दुसऱ्या ओळीत कोण लिहितं? ठरलेली ओळ दुसरीवर सरकली होती आणि पहिलीवर माझं श्री बसलं होतं. फोटो निघाल्यावर माझ्या बोटांनी सवयीने फाईल जपून ठेवली असणार. बोटांना उद्घाटन आणि काम यांतला फरक कळत नाही.

मी ती ओळ पुसली. नवीन मशीन तयार केलं. मॅडमना म्हटलं, "जरा जाऊन बघा."

त्या गेल्या. एकदम आत. त्या ओरडल्या, "उघडलं!" आणि तोंडावर हात ठेवला.

ओरडणं ऐकून साहेब केबिनमधून आले. "झालं? शाब्बास. बघा, मी म्हणत होतो ना." मग मॅडमकडे वळून, जरा मऊ आवाजात, "काय केलं होतं मॅडम तुम्ही? सापडलं का शेवटी?"

आता खरं सांगायचं तर मी गप्प बसू शकलो असतो. ओळ पुसलेली होती. मशीनं चालू झाली होती. मॅडमनाही कळलं नव्हतं की मी काय पुसलं. सगळ्यांची दिवाळी बरी गेली असती, एक घर सोडून. पाकीट टेबलावर तसंच होतं.

"त्यांनी काही केलं नव्हतं," मी म्हणालो. "मी केलं होतं. दसऱ्याला."

"काय?"

"श्री लिहिलं होतं. पहिल्या ओळीत. त्यामुळे मशीन पुढचं वाचत नव्हतं."

"काका," साहेब म्हणाले, "श्रीमुळे बंद पडलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"श्रीमुळे नाही. मी ते जिथं लिहिलं त्यामुळे."

"पण तो फोटो छापून आलाय हो. लोकांनी फोन करून अभिनंदन केलंय." ते खरोखर अस्वस्थ झाले होते. "आणि आता काढून टाकायचं म्हणजे... बरं दिसतं का ते?"

"दुसऱ्या ओळीत ठेवता येईल."

"दुसऱ्या?" ते म्हणाले, "चालेल म्हणता?"

"मशीनला चालेल."

मॅडम इतका वेळ ऐकत होत्या. त्या आता शांतपणे म्हणाल्या, "मी बघितलं होतं ते. किल्ल्या बदलल्या त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?" साहेब आणि मी एकदमच.

"मला वाटलं, इथली पद्धत असंल. नवीन माणसानं देवाचं नाव कशाला पुसायचं? सहा महिने कायम व्हायचं बघत होते मी." मग माझ्याकडे वळल्या. इस्त्री केलेल्या मराठीत, शब्द वेगळे वेगळे ठेवत म्हणाल्या, "तुम्ही दहा दिवस माझ्या शेजारी बसून माझ्याच ओळी वाचत होता, सर. वरची एक ओळ वाचायला किती वेळ लागला असता?"

मी श्री दुसऱ्या ओळीवर लिहून दिलं आणि तीनदा तपासलं.

साहेबांनी पाकीट परत नेलं. सोमवारी दुसरं दिलं, कायम केल्याचं. चूक माझी होती हे साहेबांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. जळगावच्या क्लासवाल्यांना त्यांनी 'तिकडून काही तांत्रिक अडचण होती' असं कळवलं आणि पुन्हा छताकडे बोट दाखवलं. मला काही शिक्षा झाली नाही. मॅडम मात्र पुष्कळ दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत. मी चहा आणला तर घेत, थँक्यू सर म्हणत. भाऊ पुन्हा नाही.

पुढच्या दसऱ्याला साहेब सकाळी जिना चढून वर आले, हातात झेंडूची परडी, मागे तोच फोटोग्राफर. मी मोडेमवरची धूळ पुसत होतो. मॅडमनी मोडेमपुढे नारळ ठेवला, माळ घातली, कुंकू लावलं. मग माझ्या टेबलाशी आल्या, माझ्या कीबोर्डची वायर मागून काढली, ती नीट गुंडाळली, कीबोर्ड कपाटात ठेवला आणि कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली.

"फोटो होऊ द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "मग देते."

दुपारी चार वाजता दिला.